यादीतील पाचवा स्तंभ

प्रति,
महासंचालक,
खाण सुरक्षा महासंचालनालय, धनबाद.

विषय : कोळसा खाणींतील दुर्घटनांत मरण पावलेल्या कामगारांची नावे, पित्याचे वा पतीचे नाव आणि मूळ गाव यांसह प्रसिद्ध करण्याबाबत.

महोदय,

भारतातील खाणींमध्ये ज्या अपघातात १० किंवा त्याहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात त्याची गणना महासंचालनालय 'महादुर्घटना' या वर्गात करते, आणि कोळसा खाणींतील अशा महादुर्घटनांची विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची यादी महासंचालनालयाने प्रसिद्ध केलेली आहे. यादीत दिनांक, खाणीचे नाव, मृतांची संख्या आणि थोडक्यात कारण असे चार स्तंभ असून मृतांच्या नावांचा स्तंभ तीत नाही. खाणीत गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाचा माग काढू पाहणाऱ्या वंशजांची वाट या न आखलेल्या पाचव्या स्तंभापाशी अडते. तो स्तंभ आखला जावा एवढीच या पत्रातील मागणी असून ती का करावी लागते आणि पुरी करणे कितपत शक्य आहे, याचे विवेचन पुढे केले आहे.

मराठी मुलखाशी निगडित नोंदी या यादीत थोड्या आहेत. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाच्या परिसरात असलेल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ जण मरण पावले. तेव्हा हा जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, आणि तेव्हाच्या छिंदवाड्याच्या दक्षिणेकडील सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात आजही घराघरांत मराठी बोलली जाते. त्याच्या आदल्या वर्षी, ५ ऑगस्ट १९५३ रोजी, तेव्हाच्या चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील माजरी खाणीत ११ जण दगावले. ५ जानेवारी १९६० रोजी पुन्हा छिंदवाडा जिल्ह्यातच दमुआ येथे १६ आणि १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूरनजीकच्या सिल्लेवाडा खाणीत १० जण गेले. या चारही नोंदींपुढे कारण एकच आहे, आणि ते म्हणजे जलप्रवेश. २४ जून २००० रोजी वर्धा खोऱ्यातील कावडी येथील खुल्या खाणीत पायरीसारखा कापलेला कडा ढासळून १० जण गाडले गेले, ती नोंद वेगळ्या जातीची आहे. सिल्लेवाड्यानंतर ३९ दिवसांनी, २७ डिसेंबर १९७५ रोजी, धनबादजवळच्या चासनाला येथे ३७५ जणांचा बळी गेला, त्या घटनेच्या आधाराने पुढे हिंदी चित्रपटही निघाला, आणि त्या प्रचंड आकड्याच्या सावलीत सिल्लेवाड्याचे १० जण नागपूर जिल्ह्याबाहेर कोणाच्या स्मरणात राहिले नाहीत.

जलप्रवेश म्हणजे पावसाचे पाणी खाणीत साचणे नव्हे. कोळसा काढून झालेल्या जुन्या बोगद्यांत वर्षानुवर्षे पाणी भरून राहते, शेजारच्या नव्या बोगद्यातील कामगार कोळसा तोडत त्या दिशेने सरकत जातात, आणि जुन्या कामाचा नकाशा चुकीचा किंवा अपुरा असला की मधली कोळशाची भिंत किती जाड उरली आहे याचा अंदाज कोणालाच राहत नाही. ती भिंत फुटली की साठलेले सर्व पाणी उताराच्या दिशेने एकदम धावते. पाण्याने भरलेल्या जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करू नये, असे बंधन १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत होते. वंशजांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. जलप्रवेशात मृतदेह लवकर हाती लागत नाहीत, पंप लावून पाणी उपसेपर्यंत दिवस आणि कधी आठवडे जातात, आणि वर काढलेल्या देहाची चेहऱ्यावरून ओळख पटणे अवघड होऊन बसते. मूळ गावी अंत्यसंस्कार झालेला नसतो, अस्थी आलेल्या नसतात, आणि घरात 'तिकडे खदानीत गेले ते गेलेच' एवढे एक वाक्य पुढच्या पिढीकडे येते.

असे असले तरी मृत कोण हे दुर्घटनेच्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते असे मानणे चूक ठरेल. पाळीला जाणारा कामगार लॅम्परूममधून, म्हणजे दिवे ठेवण्याच्या खोलीतून, आपल्या क्रमांकाचा दिवा घेऊन खाली उतरतो आणि वर आल्यावर तो परत करतो, त्यामुळे पाळी संपल्यानंतर ज्या क्रमांकांचे दिवे परत आलेले नाहीत ती माणसे खाली अडकली, असा हिशेब त्याच दिवशी लावला जातो. १९५२ च्या खाण अधिनियमाच्या कलम ४८ अन्वये प्रत्येक खाणीत कामगारांची नोंदवही असणे आणि त्याखेरीज कोणत्याही क्षणी जमिनीखाली कोण कोण आहे हे दाखविणारी वेगळी नोंदवही असणे बंधनकारक होते. पुढे १९५५ च्या नियमांत पहिल्या नोंदवहीस 'नमुना ब' हे नाव मिळाले, आणि खाण कामगारांच्या बोलण्यात तो 'फॉर्म बी' म्हणून रुळला. त्यात कामगाराचे नाव, पित्याचे वा पतीचे नाव, वय, काम आणि कायमचा पत्ता लिहिला जाई. तात्पर्य, ६३ किंवा ११ हे आकडे मुळात नावे मोजूनच तयार झालेले होते. पाण्याखालून माणसे काढण्यापूर्वी कोणा हजेरीबाबूने वहीवर बोट ठेवून ती नावे एकेक करून वाचलेली होती, पण वार्षिक अहवालापर्यंत पोहोचता पोहोचता नावे गळाली आणि बेरीज तेवढी शिल्लक राहिली.

पूर्वजाचा शोध एरवी नावापासून सुरू होतो आणि त्या नावाला तारीख, गाव, जमीन, लग्नसंबंध असे एकेक तपशील जोडले जातात. येथे मात्र दोन टोके दोन जागी पडलेली आहेत, आणि हे पत्र जेथून लिहिले आहे त्या सोलापूरच्या परिसरात ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते. दक्षिण महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात हेळवी नावाचा वंशावळी सांगणारा समाज आहे. सुगी झाली की हेळवी आपल्या ठरलेल्या गावांत येतो, यजमानाच्या दारात बसून त्या घराण्याच्या कित्येक पिढ्यांची नावे म्हणून दाखवितो, मागच्या फेरीनंतर जन्मलेली मुले आणि वारलेली माणसे वहीत चढवितो आणि धान्य घेऊन पुढच्या घरी जातो. या वह्यांत मुलींची नावे फारशी आढळत नाहीत, हा त्यांचा दोष आहेच. परंतु एखादा मुलगा परमुलखात गेला आणि त्याची शाखा तेथेच खुंटली, हे त्यांतून हमखास कळते. हेळव्याच्या वहीत नाव मिळते पण दिनांक मिळत नाही. महासंचालनालयाच्या यादीत दिनांक मिळतो पण नाव मिळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी ते एकमेकांना जुळविण्यासाठी लागणारा तिसरा कागद सामान्य माणसाच्या हाती येत नाही.

गावपातळीवरील सरकारी दप्तरात हा तिसरा कागद क्वचित सापडतो. जुन्या दप्तरातील गाव नमुना १४ ही जन्म-मृत्यूची नोंदवही असली तरी मृत्यूची नोंद मृत्यूच्या ठिकाणी होत असल्याने खाणीतील मरण तीत येत नाही. त्याऐवजी गाव नमुना ६-क, म्हणजे वारसा प्रकरणांची नोंदवही, आणि तिच्या आधारे झालेले फेरफार अधिक उपयोगी पडतात, कारण मृताच्या नावावर थोडीफार जमीन असेल तर तलाठ्याने 'अमुक इसम अमुक तारखेस मयत' असे लिहून वारसांची नावे लावलेली असतात. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती त्याची अशी नोंद होण्याचे कारण नव्हते, आणि खाणीची वाट धरणाऱ्यांत अशांचीच संख्या मोठी असणार हे उघड आहे. देह सापडला नाही आणि कागदही मिळाला नाही, तर उरे तो २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १०८ मधील संकेत : ज्याच्याविषयी सात वर्षे काही ऐकू आले नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. कायद्याच्या या भाषेत खाणीत बुडालेला माणूस आणि घर सोडून निघून गेलेला माणूस एकाच पंक्तीत बसतात, ही गोष्ट त्याच्या विधवेला काय वाटली असेल याची कल्पना करता येते.

सर्वांत भरवशाचा कागद नुकसानभरपाईच्या प्रकरणात असतो, आणि त्याकडे या पत्राद्वारे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई अधिनियम १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या कलम ८ नुसार प्राणघातक अपघातातील भरपाईची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हातावर ठेवावयाची नसून ती आयुक्ताकडे जमा करावयाची असे, आणि आयुक्ताने मृतावर अवलंबून असलेल्यांची चौकशी करून ती वाटावयाची असे. निरक्षर विधवेला थोड्या पैशांत गप्प करण्याचा मार्ग बंद व्हावा हा त्यामागील हेतू होता. त्याचा परिणाम असा झाला की मृताचे नाव, गाव, पत्नी, अज्ञान मुले, म्हातारे आईवडील आणि त्यांचे नाते हे सर्व एका न्यायिक स्वरूपाच्या प्रकरणात नोंदले गेले. वंशावळीच्या अभ्यासकाला याहून समृद्ध दप्तर दुसरे मिळणार नाही. मेलेल्या कामगाराचे नाव सरकारने काळजीपूर्वक लिहिले ते पैसे वाटण्याच्या वेळी, शोक करण्याच्या वेळी नव्हे. तरी लिहिले हे खरे, आणि त्याचा उपयोग आता व्हावयास हवा.

हे दप्तर शोधणे मात्र सोपे नाही, कारण न्यूटन चिखलीनंतर दोन वर्षांच्या आत राज्यच बदलले. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. त्यामुळे १९५३ च्या माजरीचा वारस आज महाराष्ट्राचा नागरिक आहे, १९५४ च्या न्यूटन चिखलीचा वारस मध्य प्रदेशाचा आहे किंवा पोटासाठी आणखी कोठे गेलेला आहे, आणि दोघांच्याही पूर्वजांचे जुने कागद नागपूरच्या सचिवालयातून कोणत्या गठ्ठ्यात कोठे गेले हे शोधल्याशिवाय कळत नाही. खाणींची मालकीही बदलली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापूर्वी बहुतेक खाणी खासगी कंपन्यांच्या होत्या, १९७५ नंतर विदर्भ आणि छिंदवाड्यातील खाणी वेकोलिच्या, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या, ताब्यात आल्या, आणि जुन्या कंपन्यांची हजेरीपुस्तके या हस्तांतरात किती टिकली हे खाणीगणिक वेगळे असणार. या सगळ्या उलथापालथीत जागेवर राहिलेली संस्था एकच, आणि ती म्हणजे १९०२ मध्ये कोलकात्यात सुरू होऊन १९०८ मध्ये धनबादला स्थिरावलेले खाण निरीक्षणाचे खाते. राज्ये, राजधान्या आणि मालक बदलले तरी प्रत्येक अपघाताची सूचना ज्या कार्यालयाकडे जाणे कायद्याने आवश्यक होते ते कार्यालय तेच राहिले, म्हणून हे पत्र दुसऱ्या कोणाला न लिहिता महासंचालनालयास लिहिले आहे.

सोलापूर हे कोळशाचे गाव नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. या शहराच्या पोटात कोळसा नाही. तो येथे वाघिणींतून आला. १८६० मध्ये सोलापूरला रेल्वे पोहोचली, १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, आणि त्यानंतरच्या कित्येक दशकांत शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्याने सुरू होत असे, तो भोंगा ज्या बाष्पकांच्या वाफेवर वाजे त्यांचे इंधन दूरच्या खाणींतून येई. आज दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडीचे १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्रही कोळशावरच चालते. शिवाय नवी पेठेच्या बाजारात अर्धा तास उभे राहिले तरी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा कानांवर पडतात, आणि त्यांपैकी तेलुगू भाषकांची मुळे ज्या तेलंगणात आहेत त्याच तेलंगणात सिंगरेणीच्या खाणी आहेत.

सिंगरेणीच्या बाबतीत महासंचालनालयाच्या यादीची आणखी एक मर्यादा ध्यानात येते. हैदराबाद संस्थानातील या खाणींत १८८९ पासून उत्पादन सुरू झाले, परंतु स्वातंत्र्यपूर्व खाण कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्याने निजामाच्या मुलखातील अपघात हा संस्थानाचा अंतर्गत विषय होता. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील तुळजापूर-नळदुर्गकडचा एखादा माणूस कामासाठी सिंगरेणीला गेला असेल तर तो स्वतःच्याच राज्यात राहिला, आणि त्याचे मरण धनबादच्या नव्हे तर हैदराबादच्या दप्तरात शोधावे लागते, तेही उर्दूतून आणि फसली सनाने. फसली हे महसुली वर्ष असून त्यात ५९० मिळविले असता इसवी सनाचा अदमास येतो. सोलापूरच्या नातवाला हे गणित कोणी सांगत नाही.

नावांची अडचणही येथे अधिक आहे. मल्लप्पा, मल्लय्या आणि मल्हारी ही तीन भाषांतील नावे खाणीतील परभाषी कारकुनाच्या कानावर पडून इंग्रजी अक्षरांत उतरताना जवळजवळ एकच होऊन जातात. आडनाव तर पुष्कळ वेळा लिहिलेच जात नाही, आणि गावाच्या जागी 'शोलापूर' असा जिल्हा लिहून काम भागविलेले असते. खाणीच्या नावाचीही तीच गत असून चिखलीचे चिकली आणि चिक्ली हे दोन्ही अवतार कागदोपत्री आढळतात. म्हणून प्रसिद्ध होणारी नामावली मूळ कागदावरील स्पेलिंगबरहुकूम आणि त्याशेजारी देवनागरीत अशी दुहेरी असावी, कारण कारकुनाची चूक दुरुस्त केली की मूळ कागद पुन्हा सापडणे कठीण होते.

मृतांची नावे जाहीर करणे हा खासगीपणाचा भंग ठरेल, अशी शंका कार्यालयीन पातळीवर उपस्थित होऊ शकते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ८ च्या पोटकलम ३ ने तिचे निराकरण आधीच केलेले आहे. अर्जाच्या दिनांकापूर्वी २० वर्षे घडून गेलेल्या घटनेविषयीची माहिती, काही मोजके अपवाद वगळता, नाकारता येत नाही, आणि खासगी माहितीचा अपवाद त्या मोजक्या अपवादांत मोडत नाही. त्याच अधिनियमाचे कलम ४ माहिती मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगते. प्रत्येक वारसाने स्वतंत्र अर्ज करून एकेका नावासाठी झगडत बसण्यापेक्षा कलम ४ चा मार्ग महासंचालनालयालाही कमी खर्चाचा पडेल.

ब्रिटनमध्ये हे पूर्वीच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील तेथील खाण निरीक्षकांच्या अहवालांत प्राणघातक अपघातांचे तक्ते असून त्यांत मृताचे नाव, वय आणि तो करीत असलेले काम लिहिलेले आहे, आणि वेल्समधील सेंघेनिड येथे १४ ऑक्टोबर १९१३ च्या स्फोटात गेलेल्या ४३९ खाण कामगारांची नावे आज कोणालाही वाचता येतात. भारतातील खाण निरीक्षणाची पद्धत त्याच साम्राज्याने घालून दिली, पण नावे लिहिण्याची सवय बोटीतून उतरताना मागे राहिली असावी. याला समांतर असे एक उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणींतील असंख्य शिपाई पडले. बसरा येथील स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या शिपायांची पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या विषमतेबद्दल २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. १९५४ ची न्यूटन चिखली आणि १९७५ चे सिल्लेवाडा मात्र स्वतंत्र भारतातील आहेत, त्यांची जबाबदारी साम्राज्यावर ढकलता येत नाही.

नामावली महादुर्घटनांपुरतीच थांबू नये, हेही नमूद केले पाहिजे. छत कोसळून किंवा बाजूचा कोळसा अंगावर येऊन एक-दोन माणसे दगावण्याचे प्रकार कोळसा खाणींच्या इतिहासात सर्वाधिक आहेत, आणि १० च्या खालची संख्या असल्यामुळे ते यादीत प्रवेशच करीत नाहीत. बहुतेक वंशजांचा पूर्वज याच गटात असणार. तो पूर्वज पुरुषच असेल असेही नाही. स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी दुसऱ्या महायुद्धात कोळशाची निकड भासल्यावर १९४३ मध्ये मध्य प्रांतासह अन्य कोळसा प्रांतांत उठविण्यात आली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. त्या तीन वर्षांत आणि बंदीपूर्वीच्या काळात खाली उतरलेल्या बायांची नावे नोंदवहीत 'अमक्याची बायको' अशीच लिहिली गेली असतील तर ती तशीच छापावीत.

कामाचा आरंभ न्यूटन चिखलीपासून करता येईल, आणि महासंचालनालयाचे पश्चिम विभागाचे कार्यालय नागपुरातच असल्याने ते तेथूनच हाती घेता येईल. नाव, पित्याचे वा पतीचे नाव, वय, काम, मूळ गाव व जिल्हा, देह मिळाला की नाही, आणि भरपाईच्या प्रकरणाचा क्रमांक, एवढे रकाने पुरेत; ज्या रकान्यातील माहिती आज उपलब्ध नाही तो कोरा सोडावा, म्हणजे परासिया, पांढुर्णा किंवा सोलापूर येथील एखाद्या घरातून तो भरून येण्यास जागा राहील. ६३ नावांना फुलस्केपचे दोन कागद लागतील. त्यांची एक प्रत महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेकडे आणि एक मध्य प्रदेशाच्या अभिलेखागाराकडे जावी, अशी विनंती आहे.

कळावे.

नवी पेठ, सोलापूर